बारा मायक्रॉन

थेरगाव,
५ ऑगस्ट

ती. ज्योतीरामकाका,

नमस्कार. तुम्ही ३१ मेला निवृत्त होऊन गावी गेलात, त्याला दोन महिने झाले. फोन करून उपयोग नाही, कारण प्रेस शॉपच्या दणक्यात तुमचे कान गेले ते गेलेच. नातवाच्या मोबाइलवर पाठवलं की सगळं घर वाचतं, असं तुम्हीच म्हणाला होता. म्हणून कागद घेऊन बसले. शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच पत्र लिहितेय. चुका पोटात घाला.

बातमी अशी, की आपली सोळाच्या सोळा कडी गेली!

शुक्रवारी दुपारी पेट्या टेम्पोत चढल्या. नंदकिशोर साहेबांनी स्वतः नारळ फोडला. आम्ही सगळे गेटवर टाळ्या वाजवायला उभे. पण चाकणचा नेहमीचा गोंधळ, महाळुंग्याच्या चौकात कंटेनरची रांग लागलेली, टेम्पो अर्धा तास गेटमध्येच अडकला. हलला की टाळ्या, थांबला की गप्प, असं तीनदा झालं. शेवटी ड्रायव्हरच हसायला लागला.

पहिली चार कडी तुमच्या हातची, तुमच्या लेथवर झालेली. बाकीची बारा तुमच्यामागे झाली, पण सेटिंग तुमचंच. मापं सगळी मी घेतली. एका कड्याला चार भोकं, म्हणजे चौसष्ट भोकं, आणि प्रत्येकापुढे माझी सही. मोजमापाच्या खोलीत तुम्ही मला उभं केलंत तेव्हा डिप्लोमाची पोरगी काय करणार म्हणून लोक हसले होते, ते आठवलं.

प्रक्षेपण डिसेंबरच्या सुरुवातीला आहे. दळणवळणाचे सोळा उपग्रह एकाच रॉकेटमधून जाणार, आणि प्रत्येक उपग्रह आपल्या एकेका कड्यावर बसणार. काका, आपल्या शेडमधली वस्तू!

काकूंना नमस्कार.
तुमची
विजयश्री


गिरवली, ता. भूम
१३ ऑगस्ट

चि. विजयश्रीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमननं हातात दिलं तवा चार माणसं भोवती होती, म्हणून उभ्यानंच वाचून दाखवावं लागलं. टेम्पोपाशी सगळे लई हसले.

इथं आता माझी पत वाढली आहे. आमचे सरपंच मारुतराव म्हणाले, "तात्या, एवढं मोठं रॉकेट, त्यात तुमचं ते कडं म्हणजे किती?" मी म्हणालो, "रॉकेटमधला एकूण एक नटबोल्ट धरून ठेवायचं काम करतो. आमचं कडं सोडून द्यायचं काम करतं. वर गेल्यावर पट्टा उघडतो, आन चार भोकांत बसवलेले चार स्प्रिंगचे दट्टे उपग्रहाला एकदम ढकलतात. तीन सुटले आन एक अडकला, तर उपग्रह कोलांट्या खात जातो, कामातून जातो." मग सगळे माझ्याकडंच बघाय लागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

इकडे रानात मोबाइलला एक दांडी येते, ती पण कडुनिंबाखाली. हे उपग्रह त्याच कामाचे ना? मग लवकर सोडा म्हणावं.

एक सांगायचं राहिलं. मोजमापाच्या कपाटातली गेज, मास्टर रिंगा तपासणीला लॅबकडे ऑक्टोबरात जातात. तू ती आधीच धाड. आता काम कमी असेल. ऑक्टोबरची वाट बघू नको.

रॉकेट कसं कसं वर जातं ते टप्पे नीट लिहून कळव. लोक विचारतात, मी अंदाजानं ठोकून देतो.

तुझा
ज्योतीराम


थेरगाव,
२ सप्टेंबर

ती. काका,

तुम्ही सांगितल्याप्रमाणे गेज आणि मास्टर लॅबकडे पाठवले. साहेब म्हणाले, "घाई काय?" मी म्हणाले, ज्योतीरामकाकांनी सांगितलंय. मग लगेच सही दिली. गावी जाऊनसुद्धा तुम्हाला कपाटाची काळजी, असं सगळे म्हणतात.

आता टप्पे. प्रक्षेपण केंद्राच्या ऋचा मॅडम आल्या होत्या, त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. रॉकेटच्या दोन्ही बाजूंना दोन जाडजूड नळे, त्यांत घन इंधन. ते पेटले की रॉकेट जमीन सोडतं. दोन मिनिटांच्या आत मधलं इंजिन चालू होतं, त्यात द्रवरूप इंधन. मग दोन्ही नळे गळून समुद्रात. हवा संपली की टोकावरची टोपी दोन भागांत उघडून पडते, कारण आता उपग्रहांना वाऱ्याचा धोका नसतो. मग मधला टप्पाही सुटतो. शेवटचा अतिथंड इंधनाचा, उणे अडीचशे अंशांच्या आसपास थंड. तो उपग्रहांना कक्षेत नेतो आणि बंद पडतो.

मग आपलं काम. चार सुटले की रॉकेटचा तो उरलेला भाग जागच्या जागी तोंड फिरवतो, म्हणजे पुढचे चार आधीच्यांवर आपटायला नकोत. असे चार वेळा.

मॅडम म्हणाल्या, "लोकांना पहिली दोन मिनिटंच दिसतात. आमचा जीव शेवटच्या तासाभरात टांगलेला असतो."

तुम्ही राहायचात ती चऱ्होलीची चाळ पाडली. तिथं बारा मजली होतेय.

तुमची
विजयश्री


थेरगाव,
२२ सप्टेंबर

ती. काका,

हे पत्र कुणाला वाचून दाखवू नका.

लॅबचा कागद आला. चाळीस मिलिमीटरची मास्टर रिंग, जिच्यात गेज घालून आपण काटा शून्यावर आणतो, ती खराब आहे. कडेला टवका आणि आतून बारा मायक्रॉन दबलेली. गेल्या ऑक्टोबरात ती बरोबर होती.

म्हणजे मी शून्य म्हणाले ते शून्य नव्हतंच. चौसष्ट भोकांना बरोबर म्हणून सही केली, त्यातली किती बारीक राहिली असतील कोण जाणे. मर्यादा आठ मायक्रॉनची. ऋचा मॅडमनी नमुन्याला पाच भोकं तपासली होती, पण तीही आपल्याच गेजनं, त्याच मास्टरवर. दट्टे अजून बसवलेले नाहीत, ते तिकडे प्रक्षेपणाच्या जरा आधी बसवतात.

कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. लॅबचे कागद मीच फाइल करते, दुसरं कुणी उघडून बघत नाही. साहेब दिवाळीत दुसऱ्या शेडचं भूमिपूजन करणार आहेत. रॉकेटचं काम आलं म्हणून चाळीस माणसं नवी घेतली.

मी पाडली असेन का हो? आठवायचा प्रयत्न करते. आठवत नाही.

काय करू?

विजयश्री


गिरवली
२७ सप्टेंबर

विजयश्री,

सांग. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी, त्या तासाला सांग. दोष कुणाचा ते मागून बघता येईल.

ज्योतीराम


थेरगाव,
८ ऑक्टोबर

ती. काका,

तुमचं पत्र १ तारखेला मिळालं. त्याच्या आठवडाभर आधीच मी सांगून मोकळी झाले होते. तुमची वाट बघायची ठरवलं होतं, पण घरी नवरा, आमचा रविराज, म्हणाला, "दोन दिवस तू चहात साखर टाकायची विसरतेयस. काय ते बोलून टाक एकदाचं." त्याला काय ते माहीतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी डांगे चौकात कंपनीच्या बसमध्ये चढले आणि उतरले ती सरळ साहेबांच्या केबिनमध्ये.

कागद टेबलावर ठेवला. साहेबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"अजून कुणाला दाखवलास?"

"कुणालाच नाही."

"बारा मायक्रॉन." त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. "विजयश्री, दट्ट्या बसेल कदाचित."

"बसेल साहेब. पण सुटेल का?"

त्यांनी मान वर केली. खरं सांगते, ओरडतील असं वाटलं होतं. ते उठले, खिडकीपाशी गेले. बाहेर नव्या शेडची जागा आखून ठेवलीय, चुन्याच्या रेघा मारलेल्या. मग परत येऊन बसले आणि माझ्यासमोरच प्रक्षेपण केंद्राला फोन लावला. "आमच्याकडून चूक झाली आहे," हे पहिलं वाक्य. आवाज जरासुद्धा हलला नाही. काका, तुम्ही पस्तीस वर्षं त्यांच्याकडे का राहिलात ते मला त्या दिवशी कळलं.

कडी परत आली. ऋचा मॅडम नवी मास्टर घेऊन आल्या आणि मोजायला स्वतः बसल्या. चौसष्टपैकी अकरा भोकं मर्यादेपेक्षा बारीक. बरं झालं बारीकच होती. बारीक भोक मोठं करता येतं, मोठं झालेलं बारीक करता येत नाही. ती अकरा दुरुस्त होतील.

पण खरी अडचण वेगळीच आहे. मास्टर कधी खराब झाली ते कुणालाच ठाऊक नाही. गेल्या ऑक्टोबरात चांगली, या सप्टेंबरात खराब. मधल्या वर्षभरात तिच्यावर मोजलेला प्रत्येक भाग आता संशयाखाली. गेल्या हिवाळ्यात आपण मधल्या टप्प्यासाठी झडपा दिल्या होत्या, त्या इंजिनात बसून गेल्यात. त्या काढायच्या तर इंजिन उघडावं लागेल, आणि मग प्रक्षेपण सहा महिने पुढे. त्यावर पंधरवड्यात निर्णय होणार.

१ जूनपासून कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे. चौकशी संपेपर्यंत मला मोजमापाच्या खोलीतून काढून पॅकिंगला बसवलंय. पेट्यांना पट्ट्या मारते. साहेबांनी नाइलाजानं केलं, मला कळतं. जेवणाच्या सुट्टीत मात्र टेबलावर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहते.

विजयश्री


गिरवली
१६ ऑक्टोबर

चि. विजयश्री,

मास्टर मी पाडली.

मे महिन्याची २७ तारीख, मंगळवार, दुपारच्या चहाआधी. पहिल्या चार कड्यांतलं पहिलं तुझ्याआधी स्वतः मोजून बघणार होतो. हाताला तेल होतं. निसटली आणि लाद्यांवर पडली. खोलीत मी एकटाच. उचलली, पुसली, उजेडात फिरवून बघितली. टवका दिसला. दिसला न्हाई असं म्हणणार नाही. डोळ्याला दिसला, पण मनानं म्हटलं, काही न्हाई, कडेला आहे.

चार दिवसांनी निरोप समारंभ होता. पस्तीस वर्षांत ज्योतीरामच्या हातून एक खोट गेली न्हाई, असं साहेब बोलणार होते. मला ते आधीच कळलं होतं. ते बोलणं मला हवं होतं, विजयश्री. एवढ्यासाठी मी ती डबीत ठेवली आणि गप बसलो.

ऑगस्टात तुझं पत्र आलं तवापासून रोज ती डबीच डोळ्यापुढं येत होती. म्हणून लॅबला लवकर धाड म्हणालो. वाटलं, लॅब म्हणेल ठीक आहे, आणि मी सुटेन. तू विचारलंस, मी पाडली असेन का, तवाही मी "सांग" एवढंच लिहिलं. तुला सांग म्हणालो आणि स्वतः सांगितलं न्हाई. ह्याच्यापरता हलकेपणा नाही.

माझ्यामुळं तू पेट्यांना पट्ट्या मारतेस.

हे पत्र तुला मिळेल तवा मी येऊन गेलो असेन किंवा वाटेत असेन. सोमवारी सकाळच्या एसटीनं निघतो. आधीच्या झडपा चांगल्या आहेत. २७ तारखेच्या आधीचं काही उघडू नका म्हणावं, ते सांगायला मला समोर उभं राह्यलं पाहिजे.

ज्योतीराम


थेरगाव,
२५ ऑक्टोबर

ती. काका,

मंगळवारी तुम्ही केबिनमध्ये उभे राहून बोललात आणि खाली बसलात. त्यानंतर जे बोलणं झालं ते तुम्हाला ऐकू गेलं नसणार. तुम्ही नुसते एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. म्हणून लिहितेय.

आधी माझं. मला राग आला. तुमचं पत्र मला सोमवारी मिळालं होतं आणि रात्रभर मी तेच वाचत होते. महिनाभर मी रोज स्वतःच्या हातांकडे बघत होते. तुमच्यावर माझा इतका विश्वास, की तुम्ही पाडली असेल हे मनातसुद्धा आलं नाही. तुम्ही निघालात तेव्हा मी तुम्हाला जेवून जा म्हणाले नाही. गेटपर्यंत आले आणि परत फिरले. सात तासांच्या प्रवासाला तुम्हाला उपाशी पाठवलं, हे आता मला टोचतंय.

आता बाकीचं. तुम्ही बसल्यावर साहेबांनी विचारलं, "ह्यांच्या सांगण्यावर झडपा सोडून द्यायच्या?" ऋचा मॅडम म्हणाल्या, "नुसत्या सांगण्यावर नाही. पण त्यांनी आपल्याला तारीख दिली, आता शोधायचं कुठे ते कळलं." त्या झडपांच्याच घाण्यातले सहा भाग आपल्या स्टोअरमध्ये जादा पडलेले होते. त्याच मास्टरवर मोजलेले, पण मार्चमधले. मॅडमनी ते नव्या मास्टरवर मोजले. सहाही चोख. मग २७ मेच्या एकच दिवस आधी मोजलेल्या एका दुसऱ्या कामाचे चार सापडले. तेही चोख. इंजिन उघडायचं नाही असं ठरलं. सहा महिने जाणार होते, ते तीन आठवड्यांवर आलं.

साहेब शेवटी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. "निरोपाच्या दिवशी मी ह्यांच्याबद्दल जे बोललो ते आज खोटं ठरलं. तरी त्या दिवसापेक्षा आज मला हा माणूस मोठा वाटतो." तुम्ही तेव्हा खाली फरशीकडे बघत होता.

मी परत मोजमापाच्या खोलीत आहे. नवी मास्टर आलीय. ती अकरा भोकं मीच तपासली, प्रत्येक तीनदा.

राग अजून थोडा आहे. तो जाईल. पुढच्या वेळी मात्र जेवल्याशिवाय सोडणार नाही.

तुमची
विजयश्री


थेरगाव,
२३ डिसेंबर

ती. काका,

गेले! सगळे गेले. सोळाच्या सोळा.

तुम्ही शाळेतल्या टीव्हीवर बघितलंच असेल, पण आमच्याकडचं सांगते. सकाळी सव्वानऊची वेळ होती. साहेबांनी सगळी मशिनं बंद करायला लावली. आपली शेड इतकी शांत मी कधीच ऐकली नव्हती. कँटीनमध्ये पडदा लावलेला, दीडशे माणसं, अर्धी उभीच. माझ्या शेजारच्या खुर्चीसाठी भांडण झालं.

शून्य म्हटल्यावर बाजूचे दोन्ही नळे पेटले. धूर आधी दिसला, आवाज मागून आला. रॉकेट उठलं तेव्हा मागून कुणीतरी "चल भावा, चल!" असं ओरडलं आणि मग सगळेच ओरडायला लागले. मधलं इंजिन पेटलं, तेव्हा मी झडपांचा विचार करत होते. नीट चाललं, एकसारखं. नळे गळले. टोपी उघडली. मधला टप्पा सुटला. अतिथंड टप्प्याचं इंजिन पेटलं तेव्हा पडद्यावर फक्त एक रेघ आणि एक ठिपका उरला होता. लोकांनी पेढे खायला सुरुवात केली.

माझं तर अजून सुरूच व्हायचं होतं. पेढा हातात धरून बसले.

वीस मिनिटांनी पहिले चार सुटले. पडद्यावर चित्र आलं. चारही सरळ, शांत, पाण्यात सोडलेल्या द्रोणांसारखे लांब जात होते. एकही डगमगला नाही. मग रॉकेटच्या उरलेल्या भागानं तोंड फिरवलं, आणखी चार. मग आणखी चार. शेवटचे चार मात्र पृथ्वीच्या पलीकडे सुटणार होते, तिथून संदेश येत नाही. पुढच्या केंद्रावरून जाईल तेव्हाच कळणार होतं. लोक हळूहळू मशिनांवर परतले. मी आणि साहेब दोघेच बसून राहिलो. शेवटच्या चारांतल्या दोन कड्यांत दुरुस्त केलेली भोकं होती, आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

अकराच्या सुमारास पडद्यावर प्रक्षेपण केंद्राच्या खोलीतले लोक एकदम उठून उभे राहिलेले दिसले. कुणी कुणाला मिठी मारत होतं. आवाज बारीक केलेला होता, त्यामुळे काय बोलले ते कळलंच नाही. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. ऋचा मॅडम होत्या. साहेबांनी ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला. मॅडम म्हणाल्या, "सोळा. विजयश्री, तुझे चौसष्टच्या चौसष्ट दट्टे सुटले."

मी शेडमध्ये जाऊन सांगितलं. सगळी मशिनं पुन्हा बंद पडली.

काका, माझ्या खोलीच्या दारापाशी आता लोक जरा थांबून आत येतात. मला फार अभिमान वाटतो, लपवत नाही. आणि त्या अभिमानात तुम्ही आहात. मास्टर पाडणारे तुम्ही आणि सात तास एसटीनं येणारेही तुम्हीच. मला दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

तुमची
विजयश्री


गिरवली
३१ डिसेंबर

चि. विजयश्रीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येण्याआधीच इथं मारुतरावांनी शाळेत माझा सत्कार ठरवला होता. नको म्हणालो, ऐकेनात. पोरं रांगेत बसवलेली, बाया आलेल्या, माझी रुक्मिणीबाई पुढल्या ओळीत.

शाल पुढं केली तवा मी हात आडवा धरला. म्हणालो, आधी माझं ऐका, मग द्यायची का न्हाई ते ठरवा. आणि सांगून टाकलं सगळं. मे महिन्यात पाडली, पाच महिने लपवली, एका पोरीवर आळ आला, तो तिनं सोसला. तिनं कागद दाबून ठेवला असता तर उपग्रह कोलांट्या खात गेले असते आणि का गेले ते कुणाला कधी कळलं नसतं. तुझं नाव मोठ्यानं घेतलं, दोनदा घेतलं.

कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत. मारुतराव शाल हातात धरून तसेच उभे. मग म्हातारी आक्काबाई उठली, त्यांच्या हातातली शाल घेतली आणि माझ्या खांद्यावर टाकली. काय म्हणाली ते मला ऐकू आलं न्हाई, पण तिच्यामागं सगळे उठले.

घरी आलो. रुक्मिणीबाई माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली, त्या कानानं थोडंफार कळतं. पस्तीस वर्षं मी महिन्याचा घरी यायचो, पण मी तिकडं नेमकं काय करतो हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"किती चुकलं व्हतं म्हनलं?"

तिच्या खांद्यावर एक पांढरा केस पडला होता. मी तो उचलून तिच्या हातात दिला. "ह्याचे उभे सहा भाग कर. त्यातला एक."

तिनं केस दारातल्या उजेडाकडं धरला. लई वेळ बघत होती.

"एवढ्यापायी तुम्ही चाकनला गेलता?"

"व्हय."

"मग बरं केलं," ती म्हणाली. उठली, दोन पावलं गेली आणि परत माझ्या कानाशी आली. "त्या पोरीलाबी कळवा. बरं केलं म्हनावं."

म्हणून हे पत्र.

तुझा
ज्योतीराम